भुईला हात लावलेला बुद्ध परका कसा?

माननीय संपादक,
सप्रेम जय भीम.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचक बंधूंचे पत्र छापून आले. कोकणातल्या विहारांमध्ये अलीकडे थायलंड, ब्रह्मदेश, श्रीलंकेच्या सोनेरी मूर्ती बसू लागल्या आहेत. त्यांच्या डोक्यावर ज्वाळा असते, अंगावर सोने असते, चेहरे परके असतात, तेव्हा हा आपला बुद्ध नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. पत्र कळकळीने लिहिलेले आहे, म्हणून मीही तेवढ्याच कळकळीने उत्तर लिहायला बसलो आहे.

मी दापोली तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत राहतो. १९८१ पासून एकतीस वर्षे बोटीवर काढली, सगळी इंजिन रूममध्ये. वायपर म्हणून लागलो, मग ऑइलर झालो आणि फिटर म्हणून घरी आलो. शोअर लीव्ह मिळाली की बाकीचे बाजारात जात, मी त्या गावात विहार कुठे आहे ते विचारत सुटायचो. कोलंबो, रंगून, बँकॉक, ओसाका, चीनची दोन-तीन बंदरे, एवढे पाहिले. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले, पण डोळ्यांनी पाहिलेले आणि तिथल्या माणसांना विचारलेले सांगतो आहे.

ते पत्र मला इतके लागले त्याला कारण आहे. आमच्या वाडीत जुने समाजमंदिर पाडून नवा विहार बांधला. चिरा इथलाच, स्लॅबचे पैसे मुंबई कमिटीने उभे केले. थायलंडच्या एका उपासकाने दान दिलेली चार फुटी मूर्ती मुंबईहून टेम्पोने आली आणि तिथून वाद सुरू झाला. ग्रामीण कमिटीतले काही जण म्हणाले, ही बसवायची नाही, जयपूरहून पांढरी संगमरवरी आणू. मूर्ती सात महिने लाकडी पेटीत राहिली. यंदाच्या वैशाख पौर्णिमेला पेटी उघडली, तेव्हा आमच्यातल्याच दोघा पोरांनी ती पितळेची समजून चिंच आणि राख घेऊन घासायला घेतली. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी पोचलो तोवर उजव्या गुडघ्यावरचे सोने निघून खालचा काळपट धातू दिसायला लागला होता. तळहाताएवढा डाग. त्या देशात मूर्ती घासत नाहीत, हे पोरांना कोणी सांगितलेच नव्हते.

आता ज्याला परका चेहरा म्हणतात त्याबद्दल. १९८७ साली रंगूनहून मी वीतभर उंचीची पांढऱ्या दगडाची मूर्ती आणली. तेव्हा माझी आई होती. तिला अक्षरओळख नव्हती, जन्मभर भाताच्या खाचरात आणि नाचणीच्या वरकस जमिनीत राबलेली. तिने मूर्ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलेन, "ह्यान उजवा हात खाली कशाला सोडलान?" मी सांगितले, त्याला ढळवायला आलेला मार नावाचा मोहाचा दैत्य म्हणाला, तुझ्या बाजूने साक्ष कोण देणार, तेव्हा त्याने जमिनीला हात लावला आणि पृथ्वीलाच साक्षीला बोलावले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भुयेला हात लावून बोललाय. मग खोटा नाय." त्या मूर्तीच्या मिटल्यासारख्या पापण्या, खांद्यापर्यंत आलेले कान, बर्मी जिवणी, ह्यातले काहीच तिला आडवे आले नाही. तिने हात पाहिला आणि तिला बुद्ध कळला. ती गेली त्या दिवसापर्यंत रोज सकाळी दारातल्या अनंताची दोन फुले त्या हातापाशी ठेवीत असे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की मूर्ती चेहऱ्यावरून ओळखू नये, हातावरून ओळखावी. चेहरा त्या त्या देशातल्या कारागिराच्या आईबापाचा असतो. गांधारच्या कारागिराने बुद्धाला ग्रीकांसारखे नाक आणि अंगावर चुण्यांचे वस्त्र दिले, मथुरेच्या कारागिराने गोल, भरल्या गालांचा केला. हे तर आपल्याच उपखंडात घडले. हात मात्र सगळीकडे तीच गोष्ट सांगतात. भूमिस्पर्श म्हणजे बोधीची रात्र, छातीशी धरलेली दोन्ही हातांची बोटे म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन, वर उचललेला उघडा तळवा म्हणजे भिऊ नका. ही अक्षरे वाचता आली की रंगूनची मूर्तीही वाचता येते आणि बँकॉकचीही.

दुसरे, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी स्वतः जी मूर्ती बसवली ती रंगूनहून आलेली होती. त्याच महिन्यात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी ज्यांच्याकडून त्रिसरण-पंचशील घेतले ते भदन्त चंद्रमणी जन्माने ब्रह्मदेशचेच. आमच्या शेजारी मंडणगड तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्या गावावरून जाताना मी दर वेळी मनात म्हणतो, ह्या मातीतल्या माणसाने बर्मी मूर्तीपुढे हात जोडले, तर मग मी तिला परकी म्हणणारा कोण? बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध आवडे, असे आपल्यात जुनी माणसे सांगत आली आहेत. ज्या वाडीला तशी मूर्ती हवी तिने ती जरूर बसवावी. पण दान आलेली मूर्ती अंगावरच्या सोन्यासाठी परत पाठवू नये.

तिकडे चालते ते सगळे मला पटले, असे मात्र नाही. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याभोवती वारांचे आठ कोपरे आहेत. वार सात, पण बुधवारचे दोन भाग करतात, सकाळचा वेगळा आणि दुपारनंतरचा वेगळा. प्रत्येक वाराला एक प्राणी, सोमवारला वाघ, मंगळवारला सिंह. माणूस आपल्या जन्मवाराच्या कोपऱ्यात जातो आणि तिथल्या लहान बुद्धमूर्तीवर वाटीवाटीने पाणी ओततो. माझ्याबरोबरचा बर्मी ऑइलर मला माझ्या कोपऱ्याकडे घेऊन गेला, वाटी हातात दिली. मी पाणी ओतले, कारण त्याचे मन मोडवेना. पण ग्रहांची ही गणिते बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मी येऊ देणार नाही आणि हे मी त्यालाही सांगितले. तो रागावला नाही. बँकॉकच्या राजवाड्यातला पाचूचा बुद्ध जेमतेम दोन फुटांचा आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे वर्षातून तीनदा त्याचे सोन्याचे वस्त्र बदलतात आणि ते काम राजा करतो. ते ऐकून मला शिमग्यात पालखीत देवाला रूपे, म्हणजे मुखवटे, लावतात तीच आठवण झाली. तो त्या देशाचा रिवाज आहे, आपण तो उचलायची गरज नाही. पत्रलेखक बंधूंची भीती एवढीच असेल तर ती रास्त आहे आणि तिथवर मी त्यांच्या बाजूने उभा आहे.

पण मूर्ती आली की तिच्यामागून रिवाज आलाच पाहिजे असे कुठे आहे? देहूरोडला मूर्ती रंगूनहून आली, वारांचे आठ कोपरे आले नाहीत.

कोलंबोत एका पोया दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, मी विहारात गेलो होतो. दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुट्टी असते. बायका, पुरुष, पोरे सगळी पांढऱ्या कपड्यांत, थेट आपल्या बुद्ध जयंतीसारखी. आमच्या बोटीवर गालचा एक भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी, तो मला घेऊन गेला होता. त्याने देठ काढलेल्या कमळांची ताटली हातात दिली आणि बजावले, वाहायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. माझी आई तेच सांगायची! मग पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी सुरू केले, वण्णगन्धगुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं. संपादक महाशय, माझ्या अंगावर काटा आला. हीच गाथा आमच्या वाडीत पत्र्याच्या समाजमंदिरात बौद्धाचार्य म्हणायचे आणि आम्ही पोरे मागून म्हणायचो. चाल वेगळी, शब्द तेच. पूजयामि मुनिन्दस्स मी त्यांच्याबरोबर म्हटले, तशी शेजारची एक बाई वळून बघायला लागली. हे फूल जसे कोमेजते तसा माझा देहही जाणार, असे त्या गाथेत पुढे येते. ऐहिक असे मागायचे काही नाही, नवस नाही. समोरच्या मूर्तीच्या डोक्यावर तीच ज्वाळा होती, जी आपल्या पत्रलेखकांना खटकली. तिकडे तिला सिरस्पत म्हणतात आणि ती ज्ञानाची ज्वाळा आहे असे सांगतात. जादूटोण्याशी तिचा काही संबंध नाही.

त्याच भंडाऱ्याने मला डोळे लिहिण्याची रीत सांगितली. मूर्ती पूर्ण झाली तरी डोळे रेखल्याशिवाय ती बुद्ध होत नाही. शेवटी कारागीर मूर्तीकडे पाठ करतो, आरसा धरतो आणि आरशात बघत, खांद्यावरून कुंचला मागे नेऊन डोळे काढतो. ती पहिली नजर थेट अंगावर घ्यायची नाही. पुढे जपानच्या नारा गावी गेलो तेव्हा तिथेही डोळ्यांचीच गोष्ट ऐकली. तिथला ब्राँझचा महाबुद्ध सुमारे पंधरा मीटर उंच आहे. इसवी सन ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला आणि कुंचला धरला होता भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्खूने. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या, त्या जमलेल्या लोकांनी धरल्या, म्हणजे डोळे सगळ्यांच्या हातून लिहिले जावेत. तो महाबुद्ध गौतम नव्हे, वैरोचन नावाचा दुसरा बुद्ध आहे, हेही तिथेच कळले. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर हसरा, पोट सुटलेला बसवतात, तोही गौतम नव्हे. तो चीनचा दहाव्या शतकातला एक भिक्खू. तिकडे त्याला मैत्रेयाचे, म्हणजे पुढे होणाऱ्या बुद्धाचे, रूप मानतात.

ज्या गोष्टीसाठी खरे तर मी हे पत्र लिहितो आहे, ती ओसाकाची. १९९४ साल. नांबा भागात दाटीच्या खाणावळींमध्ये होझेंजी नावाचे लहानसे देऊळ आहे. तिथे फुडो म्योओ, म्हणजे धम्माचा रक्षक मानलेला एक उग्र देव, उभा आहे. त्याच्या हातात तलवार आणि पाश असतो. पण तिथे ते काहीच दिसत नाही, कारण येणारा प्रत्येक जण लाकडी पळीने त्याच्यावर पाणी घालतो आणि इतक्या वर्षांच्या पाण्याने मूर्ती आपादमस्तक शेवाळाने भरली आहे. पावसाळ्यात आमच्या गडग्यावर चढते तसे हिरवेगार, बोटभर जाड शेवाळ. नाक नाही, डोळे नाहीत, एक हिरवी आकृती उभी. कामावरून सुटलेला कोट घातलेला माणूस आला, पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली, तीन पळ्या पाणी घातले आणि बराच वेळ मान खाली घालून उभा राहिला. मला वाटले, हे बुद्धाच्या धम्मात कसे बसायचे? हातात तलवार, डोक्यावर पाणी. मनात नापसंती घेऊनच मी बोटीवर परतलो.

निवृत्त झाल्यावर २०१३ साली पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून मी पन्हाळेकाजीची लेणी बघायला गेलो. आमच्याच तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी, एकूण २९ लेणी. साठी जवळ आली तरी मी ती पाहिली नव्हती. आधी थेरवादी भिक्खू, मग वज्रयानी, म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध, मग नाथपंथी, अशी शेकडो वर्षे माणसे तिथे एकामागून एक राहिली आणि सगळ्यांच्या खुणा त्याच खडकात आहेत. तिथे अक्षोभ्य नावाचा बुद्ध आहे, तोही भुईला हात लावून बसलेला. आणि तिथेच महाचंडरोषणाची मूर्ती मिळाली आहे. तिची माहिती घेत गेलो तेव्हा कळले की महाचंडरोषण म्हणजे अचल. तलवार आणि पाश धारण करणारा. आणि अचल म्हणजेच जपानचा फुडो.

मी लेण्याच्या उंबरठ्यावर बसून राहिलो. समुद्र ओलांडून ज्याला मी हा आपला नव्हे म्हणून आलो होतो तो माझ्या घरापासून मोटारसायकलच्या वाटेवर होता, आणि ओसाकाच्या त्या देवळाच्याही आधी शेकडो वर्षे होता. आम्ही आज त्याची पूजा करत नाही. करायलाही नको, आमची वाट बाबासाहेबांनी दाखवलेली आहे. पण परका हा शब्द त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघत नाही.

असाच प्रकार चीनच्या किनाऱ्यावर झाला. २००६ मध्ये आमची बोट झौशानला ड्राय डॉकला, म्हणजे दुरुस्तीला, लागली होती. तिथून लाँचने पुतुओ बेटावर गेलो. पुतुओ म्हणजे आपले पोतलक, करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याचे ठिकाण. समुद्राकडे तोंड करून चौथऱ्यासकट ३३ मीटर उंच ग्वानयिन उभी आहे. अवलोकितेश्वर चीनला गेला आणि काही शतकांत बाई झाला. तिथले कोळी, खलाशी तिला आईच मानतात. उजवा तळवा भिऊ नका म्हणून उघडा, डाव्या हातात धम्मचक्र, जे आम्हा बोटीवरच्या माणसांना सुकाणूचे चाक वाटले. माझ्यासोबत हर्णैचा एक मुसलमान सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. तो म्हणाला, "भाऊ, ही तर आपल्या कामाची बाई." तो हसत नव्हता. बंगालच्या उपसागरातल्या एका वादळात तो आणि मी एका बोटीवर होतो.

आता कान्हेरीला या. बोरिवलीच्या डोंगरात ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. हत्ती, सिंह, साप, आग, चोर, आणि बुडायला आलेली बोट. हे कोणी कोरून घेतले असेल? सोपारा, कल्याण, चौल इथून शिडाच्या बोटी लोटणाऱ्यांनी, निदान त्यांच्या घरच्यांनी, असे मला वाटते. माझी मुलगी नालासोपाऱ्यात राहते. तिच्या घरापासून जवळच सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले आणि त्यांच्याभोवती आठ लहान धातूच्या मूर्ती. सात मानुषी, म्हणजे गौतमासकट होऊन गेलेले, बुद्ध आणि आठवा मैत्रेय. म्हणजे एका स्तूपात आठ मूर्ती ठेवणारे लोक ह्याच किनाऱ्यावर होते. आपला बुद्ध एकाच साच्याचा होता, असे ह्या मातीने कधी म्हटलेलेच नाही.

आमच्या वाडीचे सांगतो. परवाच्या रविवारी बैठक झाली, मुंबईचीही माणसे आली होती. मूर्ती आषाढ पौर्णिमेला, वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, बसवायची असे ठरले. मी दोन गोष्टी मागितल्या आणि त्या मान्य झाल्या. पहिली, गुडघ्यावरच्या डागाला हात लावायचा नाही. बाजारातला सोनेरी रंग मारला तर तो महिन्याभरात उडेल आणि मूर्ती विद्रूप होईल. बँकॉकला वाट फो विहारात मी सोन्याचा वर्ख लावला आहे. दोन कागदांमध्ये नखाएवढा चौकोन असतो, श्वास रोखून बोटाच्या टोकाने लावावा लागतो, नाहीतर फुंकरीने उडून जातो. तिथे एक म्हण आहे, मूर्तीच्या पाठीला वर्ख लावणे, म्हणजे कोणी बघणार नाही अशा जागी पुण्य करणे. मला थायलंडच्या मंडळींकडून पुरेसे वर्ख मिळण्याची आशा आहे. मिळाले की त्या दोन पोरांच्याच हातून गुडघ्यावर लावून घेणार. तोवर पुसायची ती फक्त कोरड्या मऊ फडक्याने.

दुसरी, मूर्तीच्या चौथऱ्यावर मराठीत एक पट्टी लावायची. मूर्ती कुठल्या देशाची, मुद्रा कोणती, त्या मुद्रेचा अर्थ काय, कोणी दान दिली, कधी आली. चार ओळी. कोकणात जिथे जिथे अशी दान आलेली मूर्ती आहे तिथल्या कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनीही हे करावे. खर्च दोन-चारशे रुपयांचा. वंदना आपलीच राहील, त्रिसरण-पंचशील आपलेच राहील, शेजारी बाबासाहेबांचा फोटो राहील, मेणबत्ती, अगरबत्ती आणि फुले राहतील. फक्त शाळेतले पोर पुढे येऊन उभे राहिले तर त्याला तो हात वाचता आला पाहिजे.

पत्रलेखक बंधूंना एक निमंत्रण देतो आणि थांबतो. ते खेडचे आहेत असे पत्राखालच्या पत्त्यावरून दिसते, म्हणजे फार लांब नाहीत. मिरगाआधी एखाद्या सकाळी पन्हाळेकाजीला यावे. पाऊस लागला की कोटजाईला पाणी चढते आणि पलीकडची लेणी राहून जातात. मी बरोबर येईन. डबा माझ्या घरचा.

आपला नम्र,
एक निवृत्त जहाजी
ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)